अमेरिकेची निवडणूक २०१२ : ओबामाकेअर राहणार की जाणार?

हडसनकाठचा | ४ ऑक्टोबर २०१२

काल डेन्व्हरचा डिबेट कोणी कोणी पाहिला? ओबामा झोपेतून उठवून आणल्यासारखा उभा होता, सारखा मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायचा. त्याच्यासमोरचा रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी मात्र तोंडी परीक्षेला सगळं घोकून आलेल्या पोरासारखा. आमच्या ऑफिसात आज दोन्ही पक्षांचे लोक एवढ्या एका गोष्टीवर सहमत होते.

धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. ६ नोव्हेंबरला कोण निवडून येतो त्यावर ओबामाकेअर, म्हणजे ओबामाचा आरोग्यविमा कायदा, राहणार की जाणार हे ठरेल आणि मला त्यात मत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आठ वर्षं झाली, ग्रीन कार्ड रांगेत. मेडिकेअरचे (पासष्टीनंतरच्या सरकारी विम्याचे) पैसे दर पगारातून कापले जातात. मत नाही याची तक्रार नाही, नियमच तो. पण घरातलं बरंच काही पणाला लागलंय.

२००९ मध्ये बायको सहा महिन्यांची गरोदर असताना माझा प्रोजेक्ट बंद पडला. नोकरीबरोबर व्हिसा जातो हे सगळ्यांना पाठ असतं. विमाही जातो, हे मला त्या आठवड्यात कळलं. दुसरी नोकरी नशिबाने लगेच मिळाली, पण तिथे विमा सुरू व्हायला तीन महिने होते. मधल्या काळासाठी वैयक्तिक पॉलिसी घ्यावी म्हणून दहा ठिकाणी फोन केले. गरोदरपण म्हणजे त्यांच्या लेखी 'आधीपासूनचा आजार', त्याचा खर्च धरणार नाहीत! शेवटी कोब्रा घेतलं, म्हणजे जुन्या कंपनीचाच विमा, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्के. त्या वर्षी मंदीसाठीच्या सरकारी पॅकेजमधून (स्टिम्युलस) कोब्राच्या हप्त्याचे ६५ टक्के सरकार भरत होतं म्हणून निभावलं. मुलगी आता तीन वर्षांची आहे, आत्ता शेजारी बसून माझ्या कीबोर्डवर बिस्किट ठेवतेय.

२०१४ पासून कुठल्याही विमा कंपनीला आजार दाखवून पॉलिसी नाकारता येणार नाही. रॉम्नी म्हणतो पहिल्याच दिवसापासून हा कायदा गुंडाळायला घेणार. तुम्हाला काय वाटतं?

ओहायोवासी | ५ ऑक्टोबर

तुमच्या घरी झालं ते वाईटच. तरी माझं मत रॉम्नीला.

डेटनजवळ माझं मशीन पार्ट्सचं वर्कशॉप आहे, ४६ माणसं. विमा मी त्यांना आजही देतो, कोणी सांगितलं म्हणून नाही. आता कायदा म्हणतो पन्नास माणसं झाली की विमा द्यायलाच हवा, तोही त्याच्या पगाराच्या साडेनऊ टक्क्यांच्या आत बसणारा, नाहीतर दंड. दंडाचा हिशेबही असा की विमा दिलाच नाही तर पहिले तीस सोडून बाकी प्रत्येक माणसामागे वर्षाला २,००० डॉलर. मला पुढच्या वर्षी दुसरी शिफ्ट काढायची होती. सीए म्हणाला, एकोणपन्नासवर थांबा. हा कसला कायदा, जो धंदा वाढवू नका म्हणतो?

आणि हे फक्त माझं रडगाणं नाही. गेल्या नोव्हेंबरात इथे मॅन्डेटच्या, म्हणजे विमा घ्यायच्या सक्तीच्या, विरोधात राज्यघटना दुरुस्तीवर मतदान झालं, जवळपास दोन तृतीयांश लोक मॅन्डेटच्या विरोधात गेले. त्याच दिवशी त्याच लोकांनी युनियनविरोधी कायदाही उडवून लावला. म्हणजे मतदार काही डोळे झाकून रिपब्लिकन नाहीत. सरकारने मला एखादी वस्तू विकत घे म्हणून सांगू नये, इतकं साधं आहे.

चहा_बिस्किट | ५ ऑक्टोबर

बॉस्टनहून लिहितेय. रॉम्नी 'गुंडाळणार' म्हणतो तेव्हा मला हसू येतं, कारण मी पाच वर्षं रॉम्नीच्याच मॅन्डेटखाली राहतेय. एप्रिल २००६ मध्ये इथला गव्हर्नर असताना त्याने राज्याच्या विमा कायद्यावर सही केली तेव्हा शेजारी डेमोक्रॅट टेड केनेडी उभा होता. दर जानेवारीत विमा कंपनीकडून १०९९-एचसी नावाचा फॉर्म येतो, त्यावरची माहिती टॅक्ससोबत भरायची. विमा नसेल तर दंड. आभाळ कोसळलेलं नाही. तक्रार आहे ती डॉक्टरची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही याची.

गंमत म्हणजे मॅन्डेटची कल्पना डाव्यांची नाहीच. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशनने मांडली, पक्क्या उजव्यांनी. आणि २००८ च्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) हिलरी मॅन्डेट हवा म्हणत होती, ओबामा नको म्हणत होता! आता ओबामा मॅन्डेटवाला आणि रॉम्नी विरोधक. संगीत खुर्ची चाललीय नुसती.

ओहायोवासी | ५ ऑक्टोबर

ते मान्य. पण एका राज्याने करणं आणि वॉशिंग्टनने पन्नास राज्यांच्या गळ्यात मारणं यात फरक आहे. परवा रॉम्नी तेच म्हणाला.

हडसनकाठचा | ६ ऑक्टोबर

ओहायोवासी, मॅन्डेट काढून आजाऱ्यांना विमा देता येतो का, याचा प्रयोग आमच्या न्यू जर्सीने करून झालाय. १९९३ पासून इथे नियम होता: वैयक्तिक पॉलिसी कुणालाही नाकारायची नाही, आजारपणावरून हप्ता वाढवायचा नाही. मॅन्डेट मात्र नव्हता. धडधाकट माणूस म्हणाला, आजारी पडलो की घेऊ, नाहीतरी नाकारता येत नाही. उरले आजारी. हप्ते वाढले, मग थोडे कमी आजारी होते तेही सोडून गेले, हप्ते पुन्हा वाढले. बिशी लावणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. लागल्यावरच पैसे भरीन म्हणणारे सगळे असले तर बिशी चालेल का?

ओहायोवासी | ६ ऑक्टोबर

बिशीत आपण आपल्या मर्जीने जातो हो. नाही लावली म्हणून इन्कम टॅक्सवाला घरी येत नाही.

डॉक्टरीण | ७ ऑक्टोबर

मी टेक्सासात इंटर्नल मेडिसिन करते. दोघांचंही वाचलं. एक गोष्ट राहून गेली. विमा नसलेला माणूस मरत नाही, तो इमर्जन्सी रूममध्ये येतो. १९८६ पासून कायदा आहे, रेगनने सही केलेला, की इमर्जन्सीत आलेल्याला पैसे न विचारता तपासून स्थिर करायचंच. म्हणजे मॅन्डेट आधीपासून आहेच, फक्त तो हॉस्पिटलवर आहे. बिल शेवटी विमा असलेल्यांच्या हप्त्यात चढतं.

आणि 'स्थिर करणं' म्हणजे काय ते सांगते. मधुमेही माणूस साखर सहाशेवर घेऊन येतो. इन्सुलिन, सलाईन, दोन दिवसांनी घरी. पुढची औषधं? त्याची त्याने बघायची. मग तोच माणूस पायाची जखम घेऊन परत येतो. आमच्याकडे एक जण तीन वेळा आला, चौथ्या वेळी अंगठा काढावा लागला. आधीच्या औषधांना जेवढे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट त्या एका ऑपरेशनला लागले. टेक्सासात दर चार माणसांमागे एकाला विमा नाही. रोज बघतो आम्ही हे.

आता ओबामाभक्तांसाठी. जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने ५-४ ने मॅन्डेट वाचवला, सरन्यायाधीश रॉबर्ट्सने तो 'टॅक्स' ठरवून. (टीव्हीवाल्यांनी आधी उलटीच बातमी दिली होती, आमच्या लाउंजमध्ये पाच मिनिटं पार्टी झाली.) पण त्याच निकालात मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, वाढवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. आमचे गव्हर्नर पेरी जुलैतच नाही म्हणून मोकळे झाले. म्हणजे माझा तो अंगठावाला पेशंट, कुणीही निवडून आलं तरी, बहुतेक होता तिथेच राहणार. त्याच्यासारख्यांसाठी कायदा होता, आणि तोच सुटला.

मूळची_मिरजेची | ८ ऑक्टोबर

नमस्कार. मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठी, ६३. गेल्या वर्षी ग्रीन कार्डवर मुलाकडे शिकागोजवळ आलो, मी आणि आमचे हे. ह्यांचं वय ६६. इथल्या लोकांना पासष्टीला मेडिकेअर मिळतं, आम्हाला मात्र सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय विकतही घेता येत नाही. मुलाच्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत नाहीत. मला थायरॉइड, ह्यांना बीपी आणि एक स्टेंट. खासगी कंपन्यांनी आमचे अर्ज परत पाठवले. म्हणून प्रवाशांसाठीचा विमा काढलाय, त्यात आधीचं दुखणं धरत नाहीत. थोडक्यात, जे होणार नाही त्याचा विमा आहे.

दात आणि मोतीबिंदू मिरजेला करून आले. आमच्या मिरजेचं मिशन हॉस्पिटल वॉनलेस नावाच्या डॉक्टरने काढलं, इकडूनच मिशनरी म्हणून गेलेला. त्यांनी आमच्याकडे येऊन दवाखाना काढला आणि आम्ही दातासाठी इकडून तिकडे जातो!

मुलगा म्हणतो २०१४ ला नवीन कायद्यात आमच्यासारख्यांनाही घेता येईल. हे खरं आहे का? डॉक्टरबाई, तुम्ही सांगाल?

डॉक्टरीण | ८ ऑक्टोबर

काकू, खरं आहे. कायदेशीर रहिवाशांना एक्स्चेंजमधून, म्हणजे नव्या कायद्यातल्या विमाबाजारातून, विमा घेता येईल, ग्रीन कार्डची पाच वर्षं लागणार नाहीत, उत्पन्न कमी असेल तर सबसिडीही. आजार विचारणार नाहीत. वयावरून हप्ता जास्त लावता येईल, पण तरुणाच्या तिपटीपर्यंतच. ६ नोव्हेंबरनंतर कायदा राहिला तर. तोपर्यंत काकांच्या गोळ्या चुकवू नका, छातीत दुखलं तर विमा बघत बसू नका, ९११.

पर्वती_पायथा | ९ ऑक्टोबर

पुण्याहून प्रश्न. जगातला सर्वात श्रीमंत देश आणि विमा नोकरीला का बांधलाय? आमच्याकडे जुलैपासून आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं की कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. आमच्यासारख्यांनी तुम्हाला शिकवायचं का आता?

चहा_बिस्किट | ९ ऑक्टोबर

पुणेकरांनी शिकवायची सवय सोडलीय कधी? :)

नोकरीला बांधलाय तो युद्धामुळे. १९४२ मध्ये पगारवाढीवर सरकारने बंधन घातलं. कारखान्यांना तर माणसं हवी होती. पगार वाढवता येत नाही तर विमा देतो म्हणाले, तो पगारात धरत नव्हते. पुढे १९५४ मध्ये त्यावर कर नाही हे कायद्यातच पक्कं केलं. झालं, युद्ध संपलं, विमा राहिला. आज कंपनीकडून मिळणाऱ्या कुटुंबाच्या विम्याचा वर्षाचा सरासरी हप्ता १५,७४५ डॉलर आहे आणि त्यातले कामगाराला दिसतात फक्त सव्वाचार हजार. बाकीचे कंपनी भरते म्हणजे खरं तर आपल्याच न वाढलेल्या पगारातून जातात.

टोरांटोकर | १० ऑक्टोबर

आमच्याकडे या! नवीन आलात तर ओंटारियोत पहिले तीन महिने मात्र कार्ड मिळत नाही, आणि गुडघा बदलायचा तर आधी नंबर लावून ठेवा.

ओहायोवासी | १७ ऑक्टोबर

कालचा हेम्पस्टेडचा डिबेट ओबामाने जिंकला, कबूल. इथे टीव्ही लावायची सोय राहिली नाही. हवामान बघायला लावा, तरी मध्ये चार जाहिराती. दिवसाला सहा-सात फोन, 'कुणाला मत देणार?' एका पोरीला सांगितलं, बाई, अजून ठरायचंय, तर तिसऱ्या दिवशी दोघं दारात. एवढी किंमत आम्हाला लग्नात पण मिळाली नव्हती.

कारण उघड आहे. १९६४ पासून ओहायो ज्याच्याकडे तोच अध्यक्ष. रिपब्लिकन तर ओहायोशिवाय आजवर एकही झालेला नाही. अध्यक्ष ठरवणारी राज्याची १८ इलेक्टोरल मतं. तुमच्या न्यू जर्सीला १४ आहेत पण तिकडे कोणी फिरकत नाही, निकाल आधीच ठरलेला.

आणि ते ७१६ अब्ज डॉलरचं काय? मेडिकेअरमधून काढून ओबामाकेअरला लावले. माझ्या शेजारच्या म्हातारीला झोप नाही.

हडसनकाठचा | १८ ऑक्टोबर

तिला झोपायला सांगा. दहा वर्षांत हॉस्पिटलांना आणि मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजच्या (मेडिकेअर चालवणाऱ्या खासगी) कंपन्यांना जे वाढीव पैसे मिळणार होते ते कमी केलेत, म्हातारीच्या हक्काचं काही काढलेलं नाही. आणि रॉम्नीचा जोडीदार पॉल रायन, त्याच्या स्वतःच्या बजेटमध्ये तीच कपात धरलीय! वर तो पुढच्या पिढीला मेडिकेअरसाठी ठरावीक रक्कम देणार, तेवढ्यात खासगी विमा नाहीतर जुनं मेडिकेअर घ्या म्हणून.

बाय द वे, डेन्व्हरला रॉम्नी म्हणाला आजाऱ्यांना विमा देणार. नंतर त्याच्या माणसाने खुलासा केला, ज्यांचा विमा मध्ये खंडित झाला नाही त्यांनाच. २००९ मध्ये माझा खंडच पडणार होता.

डॉक्टरीण | १८ ऑक्टोबर

शेजारीण अगदीच चुकीची नाही. डॉक्टरांना पैसे कमी झाले की काही जण मेडिकेअरचे नवे पेशंट घेणं बंद करतात. मी अजून घेते. किती दिवस, माहीत नाही.

हडसनकाठचा | ४ नोव्हेंबर

जिवंत आहोत. सॅंडी वादळाने सोमवारपासून वीज नाही. आज लायब्ररीत फोन चार्ज करायला आलोय, एका प्लगवर सहा माणसं, त्यातले तीन मराठी. पेट्रोलला कालपासून गाडीच्या नंबरावरून सम-विषम. माझा नंबर विषम, म्हणजे उद्या पहाटे चारला रांग. मुलीचं दूध बर्फाच्या डब्यात. आमचे गव्हर्नर ख्रिस्ती, रॉम्नीसाठी पक्षाच्या अधिवेशनात मुख्य भाषण केलेला माणूस, ओबामाचं तोंड भरून कौतुक करतोय. घरं सोडावी लागलेल्यांना ईमेलने आणि फॅक्सने मतदान करता येणार म्हणे. शेजारच्याने विचारलं, तू कुठे टाकणार मत? म्हटलं, दादा, मी फक्त पेट्रोल टाकणार.

ओहायोवासी | ६ नोव्हेंबर, संध्याकाळ

मत देऊन आलो. पाऊण तास रांग.

आता सांगतोच. रांगेत बायको म्हणाली ती ओबामाला देतेय. मी म्हटलं, अगं, दुसरी शिफ्ट! ती म्हणाली, आणि आपला मुलगा? तो २३ चा आहे, कॉलेज संपलं, अजून विमा देणारी नोकरी नाही. लहानपणापासून दमा. २६ पर्यंत आपल्या पॉलिसीवर राहतो तो याच कायद्यामुळे ना? मला माहीत नव्हतं असं नाही. हिशेबात धरलं नव्हतं.

घरातून दोन मतं गेली आणि एकमेकांना खाऊन बसली.

चहा_बिस्किट | ६ नोव्हेंबर, रात्री ११:४०

ओहायो दिला ओबामाला! संपलं! इथे रॉम्नीच्या हॉलबाहेर नुसत्या गाड्या निघतायत.

हडसनकाठचा | ७ नोव्हेंबर

वीज काल रात्री आली, बरोबर निकालाच्या वेळी. फ्लोरिडा अजून मोजतायत, पण त्याने फरक पडत नाही. ओहायोत एकूण दीड-पावणेदोन लाखांचा फरक. म्हणजे ओहायो कुणाकडे जाणार ते एखाद्या मध्यम शहराएवढ्या लोकांनी ठरवलं, त्यात ओहायोवासींच्या घरातलं एक मत आपल्या बाजूने. वहिनींना चहा माझ्यातर्फे.

ओहायोवासी | ७ नोव्हेंबर

चहा तिलाच पाजा, मी तीन दिवस कुणाशी बोलणार नाही.

पर्वती_पायथा | ११ नोव्हेंबर

फ्लोरिडाही ओबामाला. ३३२ विरुद्ध २०६. एवढ्या मोठ्या आकड्याला तुम्ही अटीतटीची म्हणता?

चहा_बिस्किट | ११ नोव्हेंबर

फ्लोरिडात ७४ हजार मतांचं अंतर, ८० लाखांवर मतांमध्ये. जिंकला की सगळी २९ त्याचीच. आकडा फुगतो तो असा.

ओहायोवासी | २ नोव्हेंबर २०१३

धागा वर काढतोय. आठवतंय, 'तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो ठेवा' हे ओबामाचं वाक्य? माझ्या भावाने वैयक्तिक पॉलिसी घेतली होती, रद्द झाल्याचं पत्र आलंय. आणि ती विमा घ्यायची सरकारी वेबसाइट! पहिल्या दिवशी तिच्यावर ३६ राज्यांत मिळून सहा माणसांची नोंदणी झाली. सहा! माझ्या वर्कशॉपच्या जेवणाच्या टेबलावर यापेक्षा जास्त लोक बसतात. पन्नासचा नियम तर जुलैत त्यांनीच एक वर्ष पुढे ढकलला. मी वर्षभर ज्याच्यासाठी थांबलो तो अजून लागूच नाही.

हडसनकाठचा | ३ नोव्हेंबर २०१३

वेबसाइटबद्दल काय बोलणार. आपल्यातलेच दोघं-चौघं तिथे असतील :( भावाला म्हणावं एक्स्चेंजवर बघ, सबसिडीत बसत असेल तर कदाचित स्वस्त पडेल. बसत नसेल तर महाग पडेल, ते खोटं सांगत नाही.

ओहायोवासी | ३ नोव्हेंबर २०१३

बसत नाही.

मूळची_मिरजेची | ९ जानेवारी २०१४

नमस्कार सगळ्यांना. ऑक्टोबरभर मुलगा रात्री त्या साइटवर बसायचा, पान फिरत राहायचं. शेवटी डिसेंबरात एका शनिवारी झालं. भारतातली पेन्शन उत्पन्न म्हणून दाखवली, पासपोर्ट, ग्रीन कार्ड सगळं मागितलं. ह्यांच्या स्टेंटबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. मीच दोनदा सांगायला गेले, मुलगा म्हणाला आई, गप्प बस.

१ तारखेपासून विमा सुरू, काल कार्डं आली. सबसिडी धरून हप्ता पेन्शनीत बसतो. पण आधीचे काही हजार डॉलर आपल्या खिशातून गेल्यावर मग तो पैसे देणार, हे डिडक्टिबल प्रकरण मला अजून नीट कळलेलं नाही. डॉक्टरबाई, बीपीच्या गोळ्याही त्यात धरतात का?

डॉक्टरीण | ९ जानेवारी २०१४

काकू, प्लॅनवर आहे. कार्डाच्या मागे नंबर असेल, फोन करून औषधांची यादी विचारा. वर्षातून एकदाची तपासणी मात्र फुकट, त्यात डिडक्टिबल नाही, ती लगेच करून घ्या. दोघांची.

मूळची_मिरजेची | १० जानेवारी २०१४

केला फोन. अर्धा तास गाणं ऐकवलं, मग सांगितलं, धरतात. तपासणीची तारीख २३ मिळाली. दाताचं मात्र यात नाही म्हणाली. माझी खालची दाढ दुखतेय, ती फेब्रुवारीत मिरजेलाच काढते.